भरीत एक नंबर, आणि भाऊंचा स्वभाव त्याहून मोठा

भुसावळ-यावल रोडला पत्र्याच्या शेडमधलं भरीत सेंटर आहे, सहा-सात वर्षं झाली हिवाळ्यात इथूनच घेतोय. वांगी बामणोदची, मोठी हिरवट-पांढरी (२०१६ ला जीआय, म्हणजे त्या भागाची खास म्हणून सरकारी मानांकन मिळालं ना जळगावच्या भरीत वांग्याला, तीच), बी कमी त्यामुळे भाजल्यावर नुसता लोण्यासारखा गर. कपाशीच्या काड्यांवर भाजतात आणि लाकडी बडगीत कुटतात, मिक्सरचा संबंधच नाही. पातीचा कांदा, मिरची-लसूण, शेंगदाणे, तेल, बस. सोबत कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी घ्या, पुरी नको. तिखट जास्त असतं, लहान पोरं असतील तर आधी सांगा.

पण भो, यावेळी लिहायचं कारण वेगळंय. दरवर्षी शेतात आमची भरीत पार्टी असते, दहा किलोची ऑर्डर माझीच. जूनच्या वादळात माझी केळी आडवी झाली, कापणीला महिना राहिला होता, आणि तेव्हापासून मित्रांचे फोनच बंद. मी कोणाला एक रुपया मागितला नव्हता, मागेल या भीतीनेच लांब झाले. तरी डिसेंबरात ग्रुपवर टाकलं, बावीस जणांनी अंगठे दिले आणि मी येड्यासारखा दहा किलो सांगून बसलो. सकाळपासून मेसेज सुरू, लग्न आहे, नाशिकला आलोय, पुढच्या वेळी नक्की. शेवटी सेंटरला फोन केला, आवाज निघत नव्हता, म्हटलं भाऊ आम्ही तिघंच आहोत. ते म्हणे, "टेन्शन नका घेऊ दादा, अजून वांगी विस्तवावर टाकलेली नाहीत, दोन किलोच कुटतो." उरलेला अ‍ॅडव्हान्स लगेच परत, कुरकुर नाही.

जे दोघं आले ना, ते वादळाच्या दुसऱ्या दिवशीपण न बोलावता आले होते, कोयते घेऊन, चार दिवस पडलेली झाडं कापत होते. त्यातला एक तर पीक विमा भर म्हणून माझ्याशी भांडला होता, तेव्हा मला रागच आला होता त्याचा, गोड बोलणारे बाकीचे जवळचे वाटायचे. विमा भरला म्हणून आज उभा आहे. केळीच्या चिकाचा डाग कपड्यावरून जात नाही, भरीत खायला तो तोच डागाळलेला शर्ट घालून आला होता आणि माझ्याच्याने दोन मिनिटं घास गिळवला नाही.

ऑर्डर आदल्या दिवशी द्या, रविवारी गर्दी असते. पुढच्या हिवाळ्यात मी दोन किलोच सांगणार, तिघांना पोटभर होतं आणि तिघांच्या घरी डबापण जातो.