गुगल स्कॉलर: फुकट आहे, भारी आहे, पण आकड्याला भुलू नका

जळगावात राहून इकॉनॉमिक्समध्ये पीएचडी करायची म्हणजे पेपर मिळवण्यातच अर्धा जीव जातो, म्हणून जे फुकट आहे ते आधी वापरायचं, आणि फुकटात गुगल स्कॉलरच्या तोडीचं दुसरं काही नाही हे आधीच सांगून टाकतो. संशोधनाचे पेपर शोधायचं गुगलचं सर्च इंजिन, २००४ पासून आहे, लॉगिन नको, पैसे नको, मोबाईलवर पण चालतं. बनवणाऱ्यांपैकी एक अनुराग आचार्य, आपल्या खरगपूर आयआयटीचे.

माझा विषय कापूस. भाव पडला की आपल्याकडचे लोक कापूस विकत नाहीत, घरातच भरून ठेवतात, पुढची खोली पार छतापर्यंत, सगळ्यांच्या अंगाला खाज सुटते, पोरं ओट्यावर झोपतात पण कापूस काही हलत नाही, चोपडा धरणगाव अमळनेर कुठेही जा हेच. आता ही रिस्क माणूस का घेतो आणि ती मोजायची कशी, हे शोधत बसलो तर हान्स बिन्सवँगर यांचा १९८० चा पेपर हाती लागला. स्विस माणूस, तेव्हा हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेत होता, आणि प्रयोग कुठे केला तर सोलापूर, अकोला आणि तेव्हाच्या आंध्रातल्या महबूबनगरच्या खेड्यांत! अकोला म्हणजे भुसावळहून गाडीत बसलं की आलंच की भो.

प्रयोग साधाच. नाणं उडवायचं. एक पर्याय असा की काहीही पडलं तरी ५० रुपये नक्की, दुसऱ्यात छापा पडला तर ३० आणि काटा पडला तर १५०, आणि शेवटचा एकदम जुगारी, शून्य नाहीतर २००. मधे अजून पर्याय होतेच. हे आकडे सगळ्यात मोठ्या खेळाचे, सुरुवात अगदी पन्नास पैशांपासून, पण पैसे खरे, आणि सर्वात मोठं बक्षीस मजुराच्या महिन्याच्या कमाईपेक्षा जास्त. २४० घरं. याच लोकांना नुसतं तोंडी पण विचारलं होतं की तुम्ही काय कराल, आणि त्या उत्तरांचा खऱ्या पैशांच्या खेळाशी काडीचा मेळ बसला नाही. रक्कम मोठी झाली की जवळपास सगळेच बेताने सावध होतात, श्रीमंत-गरीब फारसा फरक नाही. हे वाचल्यावर मी माझी प्रश्नावली बाजूलाच ठेवली.

स्कॉलरची खरी किंमत इथून पुढे कळते. पेपरखाली 'साइटेड बाय' असतं, म्हणजे पुढे कोणीकोणी त्या पेपरचा उल्लेख केला त्याची यादी, तिथून होल्ट आणि लॉरींचा २००२ चा रिस्क मोजायचा दहा ओळींचा तक्ता मिळतो जो आज सगळे वापरतात, आणि असंच फिरत फिरत मेघालयातल्या २०११ च्या पेपरपर्यंत पोचलो, तिथे वाटणीच्या खेळात (एकाने वाटा सुचवायचा, दुसऱ्याने नकार दिला तर दोघांनाही काहीच नाही) २० रुपयांपासून थेट २०,००० पर्यंत रक्कम लावली होती, आणि रक्कम वाढली तसं कमी वाटा मिळाला म्हणून नकार देणं जवळपास बंदच झालं.

आता आकड्याचं. झ्युरिकचे अर्थशास्त्रज्ञ अर्न्स्ट फेर यांची सायटेशनं, म्हणजे इतरांनी केलेले उल्लेख, लाखाच्या वर, ठीक आहे, न्याय आणि सहकार्यावर त्यांनी आख्खी शाखा उभी केली. पण फिशबाखर यांचा २००७ चा पेपर बघा, दहा हजारांच्या वर, आणि तो आहे झी-ट्री नावाच्या सॉफ्टवेअरवर, प्रयोगशाळेत कॉम्प्युटरवर असे खेळ चालवायचं. सॉफ्टवेअर फुकट, अट एकच की पेपरचा उल्लेख करा. काम उपयोगाचं आहे यात वादच नाही, पण तो आकडा आणि फेर यांचा आकडा एका तराजूत कसा घालणार? २०१२ चा प्रामाणिकपणावरचा एक गाजलेला पेपर २०२१ मध्ये मागे घेतला गेला, त्याचीही सायटेशनं मोजलेलीच राहतात. एच-इंडेक्सचं तर विचारूच नका, २००५ मध्ये हिर्श नावाच्या फिजिक्सवाल्याने काढला, वीस पेपरना प्रत्येकी किमान वीस सायटेशनं तर एच वीस, म्हणजे एकच पेपर लिहिला आणि तो चाळीस वर्षं जग वापरत राहिलं तरी तुमचा एच एकच. आणि आपल्याकडे मुलाखतीत सोयरीक जमवताना 'एकर किती' विचारावं तसा तोच विचारतात. मग व्हॉट्सॲपवर 'तीन दिवसांत पेपर छापून देतो'वाल्यांचं फावतं.

स्कॉलर प्रबंध, वर्किंग पेपर, सगळंच मोजतो, त्यामुळे आकडा स्कोपस या निवडक जर्नलांच्या डेटाबेसपेक्षा फुगलेला दिसतो. मराठीत शोधलं तर फारसं काही पदरात पडत नाही, प्रबंधांसाठी शोधगंगा वेगळं बघा.

पाचपैकी चार स्टार, एक आकड्यांसाठी कापला. वापरताना एवढं करा, 'साइटेड बाय' उघडलं की वर त्याच यादीत शोधायची चौकट येते, ती टिक करा आणि 'महाराष्ट्र' आणि 'कॉटन' इंग्रजी स्पेलिंगने टाका, हजारांची यादी वाचण्याजोगी होते.