ट्यूबलेस म्हणून गळ्यात मारलेले टायर

इंदूरमध्ये हौशीने बांधलेल्या एका दोन आसनी विमानासाठी ५.००-५ मापाचे दोन ट्यूबलेस टायर, रिमच्या दोन भागांमध्ये बसून हवा अडवणाऱ्या दोन ओ-रिंगा (गोल रबरी कड्या) आणि बेअरिंगची चार ऑइल सील मागवली होती. विक्रेत्याने फोटो दाखवले, बिल दिलं, "कागद पार्सलसोबत येतील" म्हणत सगळे पैसे आधीच यूपीआयने घेतले. पार्सलमधून निघाले ते ट्यूबवर चालणारे टायर, चिकटवलेल्या रिंगा आणि धुऊन-पुसून नवी केलेली जुनी सील. असला माल घेणारे आपल्याकडे मोजकेच आहेत. इथून परत गेलेला माल उद्या बडोद्याला किंवा पुण्याला खपवला जाईल, म्हणून हे सविस्तर लिहितो आहोत.

सगळ्यात घातक लबाडी टायरमध्ये होती. विमानाचा टायर ट्यूबलेस असेल तर तसं त्याच्या बाजूच्या भिंतीवर इंग्रजी अक्षरांत उठावात लिहिलेलं असतं. ते नसेल तर टायर ट्यूबचाच समजायचा. इथे 'ट्यूब टाइप' ही अक्षरं घासून काढली होती, वर टायर पॉलिश फासलं होतं आणि 'ट्यूबलेस'चा छापील स्टिकर लावला होता. स्पिरिटचा बोळा फिरवून टॉर्च आडवी धरली की पॉलिश पेपरचे ओरखडे स्पष्ट दिसतात.

दुसरी खूण बारीक छिद्रांची. ट्यूबलेस टायरच्या भिंतीतली छिद्रं रबराखालच्या नायलॉन कापडाच्या थरांपर्यंतच जातात, आतलं रबरी अस्तर शाबूत राहतं आणि छिद्रांच्या जागी हिरवे ठिपके असतात. ट्यूबच्या टायरमध्ये छिद्रं आरपार असतात, कारण ट्यूब आणि टायर यांच्यात अडकलेली हवा बाहेर पडायला हवी. या टायरची आरपार छिद्रं आतून काळ्या सिलिकॉनने बुजवली होती आणि बाहेर ऑइल पेंटचे हिरवे ठिपके दिले होते. पण ठिपके एकीकडे, छिद्रं दुसरीकडे. आत हात घालून चाचपलं की सिलिकॉनचे फुगीर पुंजके बोटाला लागतात आणि नखाने सोलून निघतात.

जाब विचारल्यावर विक्रेत्याचं उत्तर तयार होतं: "ट्यूबलेसला साबणाच्या पाण्यात थोडे बुडबुडे येतातच." यातलं अर्धं खरं आहे, आणि माणूस फसतो तो त्यामुळेच. चांगल्या ट्यूबलेस टायरमध्येही अस्तरातून झिरपलेली थोडी हवा त्या छिद्रांतून बाहेर पडते. प्रश्न किती, एवढाच. नवा टायर भरल्यावर नायलॉन ताणतो, त्यामुळे पहिल्या १२ तासांत दाब उतरणारच. मग तो परत पूर्ण भरायचा आणि तिथून २४ तास मोजायचे. या वेळात ५ टक्क्यांपेक्षा जास्त घट चालत नाही. ४० पीएसआयला म्हणजे २ पीएसआय.

मोजताना तापमान धरा. साधारण ३ अंश सेल्सिअसला दाब एक टक्क्याने बदलतो. इंदूरच्या उन्हाळ्यात पहाटे २५ अंशांवर ४० पीएसआय भरलेला टायर दुपारी ४० अंशांवर पावणेतीन पीएसआय जास्त दाखवतो, म्हणजे तेवढी गळती असली तरी काटा जागचा हलत नाही. विक्रेता पहाटे भरून दुपारी गेजचा फोटो पाठवतो तो यासाठीच. दोन्ही वेळा पहाटेच, सावलीत आणि त्याच गेजने मोजा.

हवा नुसती गळत असती तर भरत राहता आली असती. पण ट्यूबच्या टायरला हवा पक्की धरणारं अस्तर नसल्यामुळे ती थरांमध्ये शिरते आणि थर एकमेकांपासून सुटू लागतात. मग उतरताना, ऐन वेगात, ट्रेड, म्हणजे जमिनीला टेकणारा रबरी पट्टा, उपटून निघू शकतो. "मग ट्यूब टाकून घ्या" हा सल्लाही ऐकू नका. ट्यूबलेस रिमचं व्हॉल्वचं भोक वेगळं असतं. ते ड्रिलने मोठं केलं की रिम कायमची गेली.

टायरचं वय लपवणं तर आणखी सोपं. मोटारीच्या टायरवर आठवडा आणि वर्ष असे चार आकडे असतात. विमानाच्या टायरवर अनेक कंपन्या सिरियल नंबरच्या सुरुवातीला वर्षाचा फक्त शेवटचा आकडा आणि पुढे वर्षातला कितवा दिवस ते देतात. ९०४५ म्हणजे ९ ने संपणाऱ्या वर्षाची १४ फेब्रुवारी. ती २०१९ ची की २००९ ची, हे नंबर सांगत नाही. सांगतो तो सोबतचा कागद, म्हणजे माल अस्सल आणि विमानात वापरण्याजोगा असल्याचा दाखला. भारतात सीए फॉर्म १, अमेरिकन मालाला ८१३०-३, युरोपियन मालाला ईएएसए फॉर्म १. टायरचा सिरियल नंबर कागदावर आणि बिलावर जुळला पाहिजे. इथे नंतर आलेली झेरॉक्स भलत्याच टायरची होती. पैसे देण्याआधी सिरियल नंबर, भिंतीवरची सगळी अक्षरं आणि टायरची आतली बाजू यांचा एकसंध व्हिडिओ मागा. खरा माल असलेला माणूस तो लगेच पाठवतो.

आता ओ-रिंग. साच्यातून निघालेल्या रिंगवर परिघाच्या दिशेने एक अगदी बारीक रेघ असते, आडवा जोड कुठेच नसतो. इथे रबरी दोरी कापून टोकं इन्स्टंट ग्लूने जोडली होती. अंगठा आणि तर्जनीमध्ये धरून रिंग हळूहळू सरकवली की एका जागी कडक गाठ लागते. तिथे वाकवली की काप उघडतो. रिमचे भाग आवळल्यावर हा जोड फाटतो आणि हवा बोल्टच्या भोकांतून निघते, त्यामुळे दोष रिमचा वाटतो.

ब्रेकच्या ओ-रिंगांत फसवणूक रबराच्या जातीची होते. लाल खनिज हायड्रॉलिक ऑइलला नायट्राइल रबर लागतं, मोटारीच्या डॉट ब्रेक ऑइलला ईपीडीएम. दिसायला दोन्ही काळीच. व्हर्नियरने जाडी मोजून रिंग २४ तास लाल ऑइलमध्ये बुडवून ठेवा. ईपीडीएम फुगून मऊ पडतं, नायट्राइल जवळपास होतं तसंच राहतं.

ऑइल सील भिंगातून पाहा. नव्या सीलच्या ओठाची (फिरत्या भागाला टेकणाऱ्या रबरी कडेची) धार बारीक रेषेसारखी असते. वापरलेल्या सीलवर तिथे गुळगुळीत, चकाकणारा पट्टा दिसतो. नवं ग्रीस भरतात ते तो झाकायलाच. आतली स्प्रिंगही सैल किंवा गंजकी असते. मात्र सील ज्या पृष्ठभागावर घासतं तिथे नख अडकेल अशी खाच असेल, तर अस्सल सीलही गळेल. तो दोष दुकानदाराच्या माथी मारू नका. आपल्या माळव्याची काळी माती व्हील पँटमध्ये (चाकावरच्या आवरणात) अडकून सुकली की अशी खाच पडते. जुन्या पद्धतीच्या चाकांना नमद्याचं (दाबून घट्ट केलेल्या लोकरीचं) सील असतं. त्याचा एक धागा जाळा: लोकर असेल तर जळक्या केसांचा वास येतो आणि राख चुरगळते, सिंथेटिक असेल तर वितळून मणी होतो.

बाजारातल्या कारागिराकडून टायर बदलून घेणार असाल तर बोल्ट मोजून, फोटो काढून द्या. विमानाच्या एएन (अमेरिकन विमान-मानकाच्या) बोल्टच्या डोक्यावर फुलीसारखी खूण असते, बाजारच्या बोल्टवर बहुधा ८.८ हा मजबुतीचा आकडा. पाव इंची म्हणजे ६.३५ मिमी बोल्टच्या जागी ६ मिमीचा घातला तर रिम हलते. आणि हवा पूर्ण काढून व्हॉल्वची पिन बाहेर आल्याशिवाय एकाही बोल्टला पाना लावू देऊ नका. भरलेल्या टायरचे बोल्ट सोडले की रिमचे दोन भाग उडतात आणि समोरच्याचा जीव जातो.

पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच कळवा. उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यांत जाते. माल खोटा निघाला तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार विक्रेता कुठलाही असो, तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. मुदत २ वर्षं. पार्सल फोडतानाचा व्हिडिओ, बिल आणि चॅट जपून ठेवा. निकाल लागेपर्यंत टायर पुरावा म्हणून सांभाळा. त्यानंतर मात्र भंगारात देण्याआधी दोन्ही बीड (रिमला बसणाऱ्या तारेच्या कडा) करवतीने कापा, नाहीतर तेच टायर पुन्हा पॉलिश होऊन विक्रीला येतील.