काळ्या मातीतले रस्ते आणि आमची मोटरहोम: सस्पेन्शनच्या कामांनंतरचा अनुभव

आधी निष्कर्ष सांगते, कारण पैसे खर्च करायच्या बेतात असलेल्यांना तोच आधी हवा असतो. आमच्या मोटरहोमचे दणके सर्वांत जास्त कमी झाले ते वजनकाट्यावरच्या पावतीमुळे आणि टायरमधली हवा बदलल्यामुळे. त्याखालोखाल पाट्यांचं, म्हणजे चाकांवरच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगांचं काम, मग झोके आवरणारे शॉकअप आणि सगळ्यात शेवटी एअर बेलोज, म्हणजे हवेचे फुगे. पैसा मात्र सगळ्यात जास्त बेलोजवर गेला. दुकानात विचारलं, तर हा क्रम तुम्हाला बरोबर उलटा सांगतील.

गाडी मोठ्या प्रवासी व्हॅनच्या चासीवर बांधून घेतलेली आहे. मागे जोडचाकं, पुढंमागं दोन्हीकडं कमानीचे पाटे. आम्ही लातूरचे. गाडी मीच चालवते, सोबत यजमान, मुलगा आणि सासूबाई असतात. सासूबाईंच्या मणक्याचं ऑपरेशन झालेलं आहे, पण त्यांना औंढा नागनाथ, परळी, तुळजापूर सगळीकडं यायचं असतं आणि त्या आल्याच पाहिजेत असं मलाही वाटतं. म्हणून गाडीतल्या माणसाला किती धक्का बसतो हा आमच्याकडं हौसेचा विषय नाही.

आपल्याकडचे रस्ते असे का होतात हे समजल्याशिवाय उपाय कळत नाही. काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हातभर खोल भेगा पडतात. वरचं डांबर चांगलं असलं तरी खालची जमीन वर्षातून एकदा श्वास घेतल्यासारखी वरखाली होते, आणि दोन-तीन वर्षांत सपाट रस्त्यावर लाटा तयार होतात. उसाचे दिवस आले की भरलेल्या ट्रॉल्या कडा खचवतात. लाटांवर गाडी डुलते, पुढून मागे झोके घेते. खड्डा आणि गतिरोधक यांचा एकदाच पण खोल दणका बसतो. आडगावाच्या मुरमाच्या रस्त्यावर बारीक पन्हाळी पडलेल्या असतात, तिथं सगळी गाडी थरथरते. हे तीन वेगळे त्रास आहेत. डुलणं थांबवतो तो शॉकअप, थरथर कमी करतो तो टायर, आणि दणका झेलायला पाट्याला मोकळी जागा लागते. एकाच वस्तूनं तिन्ही त्रास जातील असं कुणी सांगितलं, तर त्याच्याकडून काही घेऊ नका.

सुरुवात वजनापासून केली. मोंढ्याजवळच्या एका वजनकाट्यावर पाण्याची टाकी, गॅस, भांडी, अंथरुणं आणि माणसं अशी प्रवासाला निघताना असते तशी भरलेली गाडी नेली. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घेतली, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाकं. नंतर एकदा डावी बाजू आणि एकदा उजवी बाजू चढवली. बाजूंचा आकडा अंदाजाचाच असतो, त्यासाठी काट्याच्या आजूबाजूची जमीन सपाट हवी, पण अंदाजही पुरतो. एकूण भरलं ३८०० किलोच्या आसपास. पुढं साधारण १४६०, बाकी सगळं मागं. आणि डावी बाजू उजवीपेक्षा दीडशे किलोहून जास्त जड, कारण ओटा, फ्रिज आणि बॅटऱ्या एकाच भिंतीला लावलेल्या. पाण्याची १२० लिटरची टाकी मागच्या ॲक्सलच्याही (दोन्ही बाजूंची चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या) मागं होती. पाणी लिटरला किलो भरतं. एवढं ओझं ॲक्सलच्या मागं लटकलं की ते मागची चाकं दाबतं आणि तरफेसारखं पुढची चाकं उचलतं. पुढचं टोक हलकं झालं की स्टिअरिंग पोकळ लागतं आणि लाटेवर गाडीचं नाक उगाच उडतं. टाकी दोन्ही ॲक्सलच्या मध्ये आणली, आत आडवे पडदे असलेली नवी घेतली म्हणजे पाणी हिंदकळत नाही, आणि बॅटऱ्या उजवीकडं नेल्या. खर्च टाकीचा आणि वेल्डिंगचा, तेवढाच. गंगाखेडहून धारासूरच्या गुप्तेश्वर मंदिराकडं जाताना पहिल्यांदा फरक कळला. मागच्या कपाटातली स्टीलची डबी पूर्वी अशा रस्त्यावर वाजत राहायची, ती गप्प होती.

हवेबद्दल. पंक्चरच्या दुकानात सहाही चाकांत ६५ पौंड भरायची पद्धत आहे, कारण पूर्ण भरलेल्या प्रवासी गाडीला ते चालतं. पण आमच्या मागच्या चार टायरांवर मिळून २३४० किलो, म्हणजे एकेकावर सहाशेच्याही आत. टायर कंपनीच्या तक्त्यात वजनाला किती हवा लागते ते दिलेलं असतं. तो तक्ता बघून पुढं ५५ आणि मागं ४५ ठेवली. हे आकडे आमच्या गाडीचे, आमच्या टायरचे आहेत. तुमचे तुमच्या पावतीवरून काढा. समृद्धी महामार्गाच्या काँक्रीटवर सांध्यासांध्याला जो टप टप आवाज पायात यायचा, तो निम्म्यानं उतरला. तक्त्याच्या खाली मात्र जाऊ नका. जोडचाकांत हवा कमी झाली की दोन टायरांच्या फुगलेल्या कडा एकमेकांना घासतात, तापतात, आणि आपल्याकडच्या ४२ अंशांच्या उन्हात टायर फुटायला तेवढं पुरतं. हवा सकाळी, चाकं थंड असताना मोजायची. दुपारी ती चढलेलीच दिसणार, ती सोडायची नाही. जोडचाकांच्या फटीत अडकलेले दगडही रोज काढावे लागतात, आमच्याकडं गिट्टीच्या रस्त्यानंतर हमखास एखादा निघतो.

आता पाटे. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण खरी गंमत इथं आहे आणि गॅरेजवाले हे काम करायला कंटाळतात.

गाडी वजनानं पाट्यावर जितकी खाली बसते, तितका तिचा झोका संथ. १० सेंटिमीटर बसली तर सेकंदाला सुमारे १.६ झोके, ५ सेंटिमीटरच बसली तर सव्वादोन. संथ झोका माणसाला सोसतो. बसलेल्या माणसाच्या धडाला सर्वांत वाईट लागतो तो सेकंदाला ४ ते ८ वेळचा हादरा. आता कमानीचा पाटा म्हणजे एकावर एक रचलेल्या पट्ट्या. पाटा वाकला की त्या एकमेकींवर सरकायला पाहिजेत. मध्ये चिखल जाऊन वाळला, गंज चढला, की पट्ट्या जाम होतात. मोठा खड्डा आला तर त्या सुटतात, पण लहान उंचवट्यांवर पाटा हलतच नाही आणि सगळी गाडी नुसत्या टायरच्या रबरावर उसळते. तो झोका सेकंदाला तीन-चारवर जातो, म्हणजे नेमका अंगाला बोचणाऱ्या टप्प्याच्या दारात. काळ्या मातीचा चिखल पट्ट्यांत शिरून सुकला की दगडासारखा बसतो, त्यामुळं मराठवाड्यात हे लवकर होतं.

पाटेवाल्या चाचांनी गाडी बघून लगेच विचारलं, "ताई, एक पाटा काढून टाकू का? गाडी मऊ होईल."

"नको चाचा, आधी उघडून तर बघा," मी म्हटलं.

पाटा काढला असता तर गाडी आणखी खाली बसली असती. ॲक्सल आणि बंप स्टॉपर (त्याच्या वर चासीला लावलेला रबरी ठोकळा) यांच्यात मागं जेमतेम ७ सेंटिमीटर जागा होती. ती संपली की रबरावर लोखंड आदळतं, आणि सासूबाईंच्या पाठीला सर्वांत जास्त त्रास त्याचाच होता. चाचांनी दोन्ही बाजूंचे पाटे सोडले. आतून लाल भुकटी निघाली. पट्ट्या घासून साफ केल्या, ज्यांची कमान उतरली होती त्या पुन्हा ठोकून वाकवल्या, टोकांच्या मध्ये नायलॉनच्या चकत्या घातल्या, शॅकलचे (पाट्याचं टोक चासीला टांगणाऱ्या कडीचे) बुश आणि पट्ट्या एकत्र धरणारे दोन्ही मध्यबोल्ट नवे टाकले. टाकी हलवल्यानं आणि कमान सावरल्यानं मिळून मोकळी जागा ९ सेंटिमीटरच्या वर गेली. हे सगळं टायरच्या एका जोडीच्या पैशात झालं. दिवाळीच्या आधी केलेलं काम अजून टिकून आहे, फक्त पावसाळी फेरी झाली की प्रेशरच्या पाण्यानं पाटे धुवून घेते. काम झाल्यावर काही शे किलोमीटरनंतर पाटा ॲक्सलला बांधणारे यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्यायचे, हे चाचांनी बजावून सांगितलं होतं आणि खरोखर ते अर्धा फेरा बसले.

शॉकअप तेलाचे होते, ते काढून गॅसचे बसवले. तेलाचा शॉकअप लांब खराब रस्त्यावर तापतो, आत फेस होतो आणि तो काम सोडतो. कन्नडकडून पितळखोऱ्याला जाताना पूर्वी शेवटी शेवटी गाडी जास्तच डुलायची, ते आता होत नाही. जुना शॉकअप गेलाय का हे कळायला एक साधी युक्ती आहे: खडबडीत रस्त्यानंतर उतरून चारी शॉकअपला सांभाळून हात लावा. चालू असलेला गरम लागतो, थंड असेल तो मेलेला. पण शॉकअप बदलून खड्ड्याचा दणका कमी होईल अशी अपेक्षा ठेवू नका. उलट नव्या शॉकअपनं पहिले काही दिवस गाडी थोडी कडक वाटली.

एअर बेलोजबद्दल माझं मत बरेच महिने बदलत राहिलं. मागच्या ॲक्सलवर दोन्ही बाजूंना हवेचे फुगे, आतून हवा कमीजास्त करता येते. फायदा नक्की आहे. मुक्कामाला डावी-उजवी बाजू सपाट करता येते, टाकी पूर्ण भरली तरी मागची बाजू बसत नाही. पण फुगा म्हणजे पाट्याच्या जोडीला आणखी एक स्प्रिंग, त्यात हवा वाढवाल तशी गाडी कडक होते. आम्ही १० पौंडांवर ठेवतो, त्याखाली गेलं तर रबर दुमडून चिमटतं. एकदा हवेची नळी चासीच्या कडेला घासून फुटली. आता तिला जाड होजचं आवरण घातलंय. वजन नीट वाटलेलं असेल आणि पाटे ठणठणीत असतील, तर बेलोज न घेताही चालेल असं माझं आजचं मत आहे. ज्यांची गाडी कायम काठोकाठ भरलेली असते, त्यांनी घ्यावेत. असं काहीही बसवण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनीशी बोलून घ्या. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ नोंदणीपत्रातला तपशील बदलेल असे फेरफार करू देत नाही, आणि अपघातानंतर हा प्रश्न निघाला तर फार जड जातो.

गाडीच्या आत सर्वांत कमी हिसका दोन ॲक्सलच्या मधोमध बसतो. मागच्या चाकांच्या मागं तोच धक्का वाढून येतो. सासूबाईंची जागा म्हणून मध्यावर, पुढं तोंड करून, सीटबेल्टसकट. मागचा पलंग फक्त गाडी थांबल्यावर.

आणि वेग. भारतीय रस्ते काँग्रेसच्या निकषातला गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, तो ताशी २५ च्या वेगानं ओलांडता यावा असा आखलेला आहे. गावोगावी आपण जे बघतो ते हातभर रुंदीचे उभे बांध असतात, त्यावर कुठलंही सस्पेन्शन चालत नाही. तिथं मी पहिल्या गिअरमध्ये, ब्रेक सोडून चढते. ब्रेक दाबलेला असला की गाडीचं नाक आधीच खाली असतं आणि पाट्याची झेलायची जागा तेवढी संपलेली असते.

अजून राहिलेलं दुखणं म्हणजे एका बाजूच्या खड्ड्यात डोकं डावीउजवीकडं फेकलं जाणं. पुढचा अँटीरोल बार दोन्ही चाकं बांधून ठेवतो, म्हणून एका चाकाचा धक्का दुसऱ्या बाजूला जातो. बार काढायचा नाही, वळणावर गाडी कलते. त्याचे बुश मात्र ढिले झालेत, खडखड येते. ते येत्या आठवड्यात चाचांकडं बदलून घेणार आहे. त्यानं कितपत फरक पडला ते एक पावसाळा गेल्यावरच खरं सांगता येईल.