विलायती तयार हार्नेस की उस्तादाच्या हातची वायरिंग?

जुन्या स्पोर्ट्स कारचं इंटिरियर करायचं म्हटलं की पहिली चर्चा सीटच्या रंगावर होते. होऊ द्या. पण कार्पेट चिकटवायच्या आणि सीट बसवायच्या आधी डॅशबोर्डमागच्या वायरिंगचा निकाल लागलेला बरा. नाहीतर नवं कोरं इंटिरियर सहा महिन्यांत पुन्हा उकलायची पाळी येते. माझी गाडी १९६५ची एमजीबी, म्हणजे एमजी कंपनीची इंग्लिश स्पोर्ट्स कार. अजून पॉझिटिव्ह अर्थवर (बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं), डायनमोवाली. छत्रपती संभाजीनगरात राहून हा निर्णय घ्यावा लागला, तेव्हा जे लिहितोय ते इथल्या उन्हाला, इथल्या बाजाराला आणि इथल्या मिस्त्र्यांना धरून. पुण्या-मुंबईत हिशेब वेगळा निघू शकतो.

जुनीच वायरिंग ठेवून जागोजागी टेप मारण्याचा तिसरा मार्गही लोक सुचवतात. वायर वाकवल्यावर इन्सुलेशन तडकत असेल, आणि पत्र्याच्या शेडमध्ये आपले उन्हाळे काढलेल्या गाडीचं ते तडकतंच, तर त्या मार्गावर फार वेळ घालवू नये. उरतात दोन पर्याय: इंग्लंडहून तयार हार्नेस, म्हणजे गाडीच्या सगळ्या वायरींची बांधलेली जुडी, मागवायचा, नाहीतर इथल्या उस्तादाकडून नवा बांधून घ्यायचा.

आधी उस्तादाची बाजू, कारण ती वाटते त्यापेक्षा खूप भक्कम आहे. बजाजचा कारखाना १९८५ साली वाळूजला आला, पुढे शेंद्र्याला स्कोडा आली, आणि या दोन्हींच्या आसऱ्याने सुट्या भागांचे कारखाने वाढले. हार्नेस बनवणारेही त्यात आहेत. बोर्डावर खिळे ठोकून, मापं काढून, फाटे फोडून वायरिंग बांधायचं काम ज्यांनी नोकरी म्हणून केलंय अशी माणसं या शहरात सापडतात. त्यांचं क्रिम्पिंग बघावं, वायरीच्या टोकाला दाबून बसवलेलं थिंबल ओढून निघत नाही. पैसेही विलायती हार्नेसच्या चौथ्या हिश्शात भागतात. शिवाय तुमच्या सोयीने बदल करता येतो, आणि एमजीबीत एक बदल हवाच. या गाडीला जेमतेम दोन फ्यूज. हेडलाइटच्या वाटेत तर फ्यूजच नाही, सगळा करंट डॅशबोर्डवरच्या त्या छोट्या स्विचमधून जातो. रात्री बीड रोडने यायचं असेल तर हेडलाइटला रिले (छोट्या स्विचच्या इशाऱ्यावर मोठा करंट स्वतः जोडणारा डबा) आणि स्वतंत्र फ्यूज पाहिजेत. उस्ताद ते पहिल्या दिवसापासून वायरिंगमध्येच धरून बांधतो.

एक मात्र बघून घ्यावं. काही जण सरळ घराच्या फिटिंगची वायर वापरतात. तांब्याला नावं ठेवायला जागा नाही. घरच्या एक स्क्वेअर एमएमच्या वायरीत ०.३ मिलिमीटरच्या १४ तारा असतात, लुकासच्या (या गाड्यांचं विजेचं सामान बनवणारी इंग्लिश कंपनी) साध्या सर्किटच्या वायरीतही तेवढ्याच. अडचण वरच्या आवरणाची. घरची वायर जाड्या कोटाची, त्यामुळे सगळी जुडी फुगते आणि फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या, भोकातल्या रबरी ग्रॉमेटमधून जाताना कुस्ती होते. ऑटो वायरच घ्या म्हणावं.

आता विलायती हार्नेस. फाटा जिथे फुटायला हवा तिथेच फुटतो, प्रत्येक टोकाला बुलेट (गोल) किंवा ल्युकार (चपटं) टर्मिनल बसवलेलं असतं. आरपीएम मीटरचं एक उदाहरण देतो. ६५च्या सुमाराच्या एमजीबीत स्मिथ्सचा जो मीटर आहे, त्याच्या पाठीमागे इग्निशनच्या पांढऱ्या वायरीचा एक वेढा असतो. कॉइलकडे जाणारा करंट त्या वेढ्यातून जातो आणि मीटर त्यावरून ठोके मोजतो. तयार हार्नेसमध्ये त्या वेढ्यापुरती वायर जास्तीची सोडलेली असते. नव्याने बांधणाऱ्या मिस्त्र्याला तो वेढा हमखास फालतू वाटतो, तो वायर सरळ करून टाकतो आणि मग ‘मीटर खराब है’ म्हणून सांगतो.

त्रास आहेतच. कस्टम ड्युटी लागते, कुरिअरवाले कागदपत्रांसाठी फोन करून पिच्छा पुरवतात, आणि पार्सल कुठे अडकलंय ते कोणी धड सांगत नाही. मागवतानाही नीट सांगावं लागतं. एमजीबी निम्म्याहून जास्त अमेरिकेत गेल्या, त्यामुळे डाव्या स्टिअरिंगचा हार्नेस चुकून माथी येऊ शकतो. चेसिस नंबर, उजवं स्टिअरिंग, डायनमो की अल्टरनेटर, ओव्हरड्राइव्ह (वरचा जादा गिअर) आहे का, हे सगळं आधीच कळवावं. वरचं आवरण कापडी की पीव्हीसी हेही विचारतात. जुन्या गाडीला कापडी विणीचं शोभतं. पण सोयाबीन घरात येण्याच्या दिवसांत गोदामाशेजारी गाडी उभी राहत असेल तर उंदरांचा विचार करून मी पीव्हीसीकडे झुकेन. आवडीचा भाग आहे.

इथवर दोन्ही पारडी जवळपास सारखीच. खरं सांगायचं तर पैशाकडे बघून मी उस्तादाकडेच निघालो होतो. अडलं ते रंगावर.

लुकासच्या वायरींना रंगांची एक पक्की शिस्त आहे. तपकिरी म्हणजे बॅटरीवरून थेट, कायम जिवंत. पांढरी चावी फिरवल्यावर. हिरवी चावीनंतर आणि फ्यूजमधून, जांभळी कायम जिवंत पण फ्यूजमधून, काळी अर्थ. निळ्यावर पांढरा पट्टा म्हणजे अप्पर, निळ्यावर लाल म्हणजे डिप्पर. हिरव्यावर लाल डावा इंडिकेटर, हिरव्यावर पांढरा उजवा, हिरव्यावर जांभळा ब्रेक लाइट, हिरव्यावर काळा पेट्रोलच्या काट्याची. ही शिस्त एमजीत, ट्रायम्फमध्ये आणि तिच्यावरून मद्रासला बनलेल्या स्टँडर्ड हेराल्डमध्ये एकच. अँबेसेडरवर हात बसलेल्या जुन्या मिस्त्र्यालाही ती डोळे मिटून येते.

आता हार्नेस इथे बांधायचा तर पट्ट्यांसह वीस-बावीस रंग लागतात, आणि त्यातले कित्येक फक्त दोन-तीन मीटर. दुकानदार पट्टेदार वायर देतो ती कॉइलने, म्हणजे अख्ख्या गुंडाळीने, तीही त्याच्याकडे असतील त्याच रंगांत. हिरव्यावर जांभळा दोन मीटर मागितला तर तो तुमच्या तोंडाकडे बघत राहतो. मग उस्ताद काय करणार? लाल, काळी, पिवळी, निळी एवढ्यात अख्खी गाडी बांधतो. मी कुरकुर केली तर त्याने हसून सांगितलं, “साब, करंट कू कलर नै दिखता.” शंभर टक्के खरं. पण बिघाड शोधायला डॅशबोर्डखाली करंट नाही, मी शिरणार.

जालन्याच्या एका स्नेह्यांनी हेराल्डला अशीच वायरिंग करून घेतली होती. काम इतकं सुबक की बॉनेट उघडून दाखवावं. वर्षभराने पेट्रोलचा काटा कायम फुल दाखवायला लागला. असं होण्याचं एक नेहमीचं कारण असतं: मीटरांना स्थिर दहा व्होल्ट देणाऱ्या स्टॅबिलायझरचा अर्थ सुटतो, मग तो पूर्ण बारा व्होल्ट पुढे सोडतो आणि काटा वर चढतो. मूळ रंग असते तर फिकट हिरवी वायर धरायची, स्टॅबिलायझरपर्यंत जायचं, स्क्रू घासून आवळायचा, संपलं. इथे पाय सीटच्या पाठीवर, डोकं पेडलपाशी, दातात टॉर्च आणि समोर एकसारख्या पिवळ्या वायरींची जुडी. एकेक टेस्ट लॅम्पने तपासत गेलो. दुपार गेली, मान आखडली, आणि वहिनींनी दोनदा आणून ठेवलेला चहा दोनदा गार झाला. “तुमच्या उस्तादाला बोलवा की,” मी म्हणालो. तो नोकरी धरून चाकणला गेला होता. कुठली पिवळी कशाची, हे फक्त त्याच्या डोक्यात. कागदावर काही नाही.

घरी येऊन मी ऑर्डर टाकली.

हा एका माणसाचा अनुभव आहे, तो सगळ्यांना लागू होईलच असं नाही. तुमचा उस्ताद गल्लीतलाच असेल, कागदावर आकृती काढून देणारा असेल, प्रत्येक टोकाला नंबराची स्लीव्ह घालणारा असेल, तर माझा मुद्दा बराचसा गळतो. गाडी मुळातच बदललेली असेल, इंजिन दुसरं, अल्टरनेटर, एसी, तर विलायती हार्नेसचा उपयोगही अर्धाच. तिथे मी बिनदिक्कत इथेच बांधून घेईन. आरटीओची भीती मात्र या हिशेबात धरू नका. ५० वर्षांपुढच्या गाड्यांसाठी २०२१ साली ‘व्हीए’ या नंबरप्लेट मालिकेचे जे नियम आले, त्यात मूळपणाची अट चेसिस, बॉडी आणि इंजिनाची आहे. वायरीच्या रंगाशी त्यांना देणंघेणं नाही.

सीटबद्दल थोडक्यात. तिथे माझा कल उलटा, सगळं इथेच करावं. ट्रॅक्टर आणि बोलेरोच्या सीट शिवणारे आपले कुशनवाले पायपिंगला इतका सफाईदार हात देतात की विलायती तयार कव्हरांना पैसे घालायचं कारण उरत नाही. सीटखालचा रबरी पडदा फाटला असेल तर पलंगाची नवार आडवी-उभी ताणून घ्यावी, बसायला उत्तम होते. लेदर की रेक्झिन, याचं उत्तर मे महिना देतो: काळं रेक्झिन उघड्या गाडीत पाठीला चिकटतं. एका मित्राने हिमरूची कव्हरं सुचवली होती. दिसली असती राजेशाही, पण सुती-रेशमी कापड उघड्या टपाच्या गाडीत, आपल्या धुळीत, किती दिवस टिकणार?

वायरिंगचं शेवटी मी असं केलं: मूळ हार्नेस तिकडचा, आणि हेडलाइटचे रिले इथल्याच उस्तादाकडून वेगळ्या छोट्या जुडीत. मूळ वायरिंगला कात्री नाही, फक्त बुलेट कनेक्टरवर जोड, म्हणजे उद्या काढायचं ठरलं तर जसंच्या तसं निघतं. रिलेला बॅटरीवरून येणारी वायर दोन स्क्वेअर एमएमच्या खाली नको, तिला बॅटरीजवळच फ्यूज हवा. आणि त्या जुडीपुरती तरी तपकिरी वायर तपकिरीच घ्यायला लावा. एकाच रंगाची अख्खी कॉइल घ्यावी लागली तरी चालेल, उरलेली पुढच्या गाडीला लागते.