जुन्या सायकलींचा कंटेनर की नव्या बफेलो?

इंग्लंडातल्या एका मराठी मंडळातला माझा मित्र सध्या पेचात आहे. मंडळाकडे गणपतीच्या वर्गणीतून उरलेले थोडे पैसे आहेत, आणि सभासदांच्या गॅरेजांत धूळ खात पडलेल्या शे-दीडशे सायकली आहेत. आणखी जमतील म्हणतो. आफ्रिकेतल्या खेड्यांत घरोघरी फिरणाऱ्या आरोग्य स्वयंसेवकांना सायकली द्यायच्या, इथपर्यंत एकमत आहे. अडलंय ते पुढे. जुन्या सायकली नीट करून कंटेनरने पाठवायच्या, की तेच पैसे तिकडच्या नव्या बफेलो, म्हणजे आफ्रिकेतल्या खेड्यांसाठी मुद्दाम घडवलेल्या दणकट सायकलींवर घालायचे? झांबियाच्या पूर्व प्रांतात, चिपाटाच्या आसपास, मी तीन वर्षं आरोग्य केंद्रांच्या सामानाचं काम पाहिलं. दोन्ही प्रकार माझ्या हाताखालून गेले. म्हणून त्याने मला विचारलं, आणि फोनवर जे सांगितलं तेच इथे जरा ऐसपैस लिहितो.

सायकल का हवी, यात शिरत नाही. दहा-बारा किलोमीटरवरच्या केंद्रात क्षयाच्या गोळ्या आणायला पायी जाणारी बाई आणि सायकलवर जाणारी बाई यांच्या दिवसांतला फरक कुणालाही कळतो.

आधी कंटेनरबद्दल, कारण मन तिकडेच ओढ घेतं. चाळीस फुटी कंटेनरमध्ये चारेकशे सायकली बसतात. पेडल काढायची, हँडल आडवं फिरवायचं आणि एकीच्या पोटात दुसरी घुसवायची. आमचा उघडला त्या दिवशी सगळं गाव गोळा झालं होतं. उत्तम प्रतीच्या फ्रेमा, शिमानोचे गिअर, अशी हलकी सायकल तिथल्या बाजारात बघायलाही मिळत नाही. पाठवणाऱ्यांनी मनापासून काम केलं होतं, काही सायकलींना चक्क घंटीही होती. बायकांच्या दांडी नसलेल्या सायकली तर माझ्या मते या सगळ्या प्रकारातली सगळ्यात कामाची गोष्ट. चितेंगे म्हणजे तिथलं लुंगीसारखं गुंडाळायचं कापड. ते नेसून पुरुषी सायकलवर टांग टाकणं अवघड जातं.

आणि कंटेनरची खरी गंमत तो रिकामा झाल्यावर आहे. नामिबियात २००५ साली सुरू झालेल्या बायसिकलिंग एम्पॉवरमेंट नेटवर्क या संस्थेने हे करून दाखवलं. कंटेनर परत पाठवायचा नाही, त्यालाच दार-खिडकी कापून सायकलचं दुकान करायचं. गावातल्याच चार-दोन जणांना दुरुस्ती शिकवायची, काही सायकली विकायच्या आणि त्यावर दुकान चालवायचं. घानात व्हिलेज बायसिकल प्रोजेक्टवाले एक दिवसाचं दुरुस्तीचं शिक्षण घेतलेल्याला निम्म्या किमतीत सायकल देतात. नुसत्या दानापेक्षा हे मला शंभर पटीने पटतं. बफेलोच्या बाजूने बोलताना या मुद्द्यावर माझा आवाज थोडा खाली येतो, हे कबूल.

मग अडलं कुठे? वाहतुकीत नाही. ती डोकेदुखी आहेच. झांबियाला समुद्र नाही, माल दार-ए-सलामला किंवा डर्बनला उतरतो आणि तिथून ट्रकने येतो. आमचा कंटेनर एका नाक्यावर एका कागदासाठी पाच आठवडे उभा होता. पण असला त्रास एकदाच होतो आणि मग विसरला जातो.

अडलं ते टायरच्या आकड्यावर.

आमच्या एका स्वयंसेविकेला कंटेनरमधली आकाशी रंगाची लेडीज सायकल मिळाली होती. पुढे टोपली, मागच्या हबमध्ये तीन गिअर, तिच्यावर काय खूश होती ती! पाच महिन्यांत मागचा टायर फाटला. निरोप आला, टायरवर २६ लिहिलंय. मी चिपाटाच्या बाजारातून २६चा टायर आणि ट्यूब घेतली आणि साठ किलोमीटर धूळ खात तिच्या गावी गेलो. आंब्याखाली बसणाऱ्या मिस्त्रीने टायर हातात घेतला, रिमवर एक बाजू चढवून बघितली आणि माझ्याकडे पाहिलं. टायर चढेना. साबणाचं पाणी लावलं, दोन चमच्यांनी ओढून पाहिलं, माझ्या अंगठ्याचं नख गेलं. शेवटी त्याने जुना आणि नवा टायर एकावर एक ठेवून दाखवले. नवा सरळसरळ लहान होता, आणि २६ मात्र दोन्हींवर.

त्या रात्री मला कळलं ते असं. माउंटन बाइकचा २६ म्हणजे टायर जिथे रिमवर बसतो तिथला व्यास ५५९ मिलिमीटर. जुन्या इंग्लिश तीन गिअरवालीचा २६, म्हणजे २६ × १ ३/८, तो ५९० मिलिमीटर. एकतीस मिलिमीटरचा फरक, आणि बाजारातला माणूस दोन्हीला सव्वीसच म्हणतो. अठ्ठावीसचंही तेच. आपल्याकडच्या दूधवाल्याच्या काळ्या सायकलचा २८ × १ १/२ म्हणजे ६३५, आणि युरोपातल्या सायकलवर २८ लिहिलेलं असलं तरी ती बहुधा ६२२ निघते. चिपाटाच्या बाजारात ५५९ आणि ६३५ मुबलक. बाकीचे शोधून दमलो.

परत मोजदाद केली तर आमच्या वाट्याच्या साठ सायकलींत टायरचे पाच प्रकार होते. व्हॉल्व तीन तऱ्हेचे, त्यातल्या बारीक प्रेस्टा व्हॉल्वला गावातला पंपच लागेना. सीटच्या खालच्या नळ्या वेगवेगळ्या जाडीच्या, त्यामुळे रुग्ण न्यायची गाडी जोडायची म्हटली तर तिचा हूक दर सायकलला नव्याने घासून बसवायचा. क्रँक, म्हणजे पेडलची दांडी, काढायला पुलर नावाचं हत्यार हवं, मागचं फ्रीव्हील काढायला वेगळा पाना, आणि तोसुद्धा दोन जातींचा. धुळीत गिअर अडकले की मिस्त्री लोक गिअर बदलणारा डेरेलर सरळ काढून फेकतात, चेन चार कड्या तोडून आखूड करतात आणि एका गिअरवर चालवतात. म्हणजे ज्या गिअरसाठी आपण हुरळलो होतो, तेच सगळ्यात आधी भंगारात. दीड वर्षाने साठातल्या किती चालू होत्या म्हणाल तर मी वही ठेवली नव्हती. पण ज्या गावात जाई तिथे एखादी तरी भिंतीला टेकलेली दिसे, आणि कारण विचारलं तर बहुतेक वेळा ट्यूब किंवा टायर. त्या आकाशी सायकलच्या कॅरिअरवर नंतर मक्याची कणसं वाळत घातलेली मी पाहिली.

आता बफेलो. २००४ च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेत सायकली वाटताना वर्ल्ड बायसिकल रिलीफ ही संस्था उभी राहिली, मागे स्रॅम या सायकलचे भाग बनवणाऱ्या कंपनीतली माणसं. पुढे ते झांबियात आले आणि एचआयव्हीच्या रुग्णांची घरी जाऊन देखभाल करणाऱ्या स्वयंसेवकांसाठी हजारो सायकली दिल्या. बफेलो घडली ती या सगळ्या अनुभवातून.

दिसायला ती म्हशीसारखीच. वजन तेवीस किलोच्या आसपास, मूळ मॉडेलला गिअर नाही. चढावर उतरून ढकलावी लागते, आणि ढकलताना शिव्या येतात. किंमत दीडशे डॉलरच्या वर. आमच्या एका तरुण स्वयंसेवकाने कंटेनरमधली लाल माउंटन बाइक आणि बफेलो शेजारी ठेवून पाहिल्या आणि बफेलोकडे असं बघितलं, जसं आपण लहानपणी मोठ्या भावाच्या उतरलेल्या कपड्यांकडे बघायचो.

पण मागचं कॅरिअर शंभर किलो पेलतं. मक्याच्या पिठाची पोती, वजनकाटा, प्रसंगी आजारी माणूस. आमच्या माउंटन बाइकांना तर बहुतेक कॅरिअरच नव्हतं. ब्रेक पेडल उलटं मारून लागतो, म्हणजे वायर नाही, रबर नाही, बिघडायला काही नाही. आणि टायर सगळ्यांचे एकच, ५५९, तोच जो बाजारात टांगलेला असतो. नोव्हेंबर ते एप्रिल पावसात चिखल कितीही होवो, मिस्त्रीला एकच सायकल शिकायची असते. तीस बफेलोंसाठी मी भांडारात एका खोक्यात सुटे भाग ठेवत होतो. जुन्या साठ सायकलींसाठी खोली लागली असती आणि तरी नेमका हवा तो भाग नसताच.

मधला एक पर्याय कुणी विचारत नाही, तो म्हणजे भारतातून जाणारी काळी रोडस्टर. चिपाटात गुजराती मूळ असलेल्या व्यापाऱ्यांची जुनी दुकानं आहेत. तिथे ती पाहिली तेव्हा मला एकदम सांगलीच्या बाजारात उभं असल्यासारखं वाटलं. स्वस्त, सुटे भाग कुठेही. पण जड ओझ्याने कॅरिअर वाकतं, स्पोक तुटतात, आणि पेडलची दांडी पक्की धरणारी खीळ, म्हणजे कॉटर, सैल झाला की पेडल खुळखुळायला लागतं. बजेट फारच तुटपुंजं असेल तर चालेल, एवढंच म्हणेन.

माझा अनुभव एका जिल्ह्याचा, तोही तीन वर्षांचा. नामिबियासारखं दुकान आधीच उभं असेल, शिकलेला मिस्त्री असेल, तर कंटेनरचं पारडं जड होऊ शकतं, आणि तिथे बफेलोचा हट्ट मी धरणार नाही. शाळकरी मुलांसाठी, बाजारहाटासाठीही जुनी सायकल उत्तम, कारण ती चार दिवस बंद पडली तर फार बिघडत नाही. पण जिच्या पिशवीत दुसऱ्याच्या गोळ्या आहेत, तिला मी बफेलोच देईन. चारशेच्या जागी साठ-सत्तरच मिळाल्या तरी.

मित्र म्हणाला, सायकली तर जमल्यात, आता लोकांना काय सांगू? त्याला सांगितलं, येत्या रविवारी सगळ्या सायकली मैदानात काढा, एक ओलं फडकं घ्या आणि टायरच्या कडेची माती पुसा. तिथे बारीक अक्षरांत आकडा असतो. ५५९ असेल, वर कॅरिअर बसत असेल तर बाजूला ठेवा, प्रत्येकीबरोबर दोन ट्यूब आणि एक टायर द्या, आणि जिथे दुकान चालू आहे तिथेच पाठवा. बाकी सगळ्या इंग्लंडातच विकून टाका आणि त्या पैशांच्या बफेलो घ्या. आकाशी रंगाची एखादी असेल तर आधी तिचाच टायर बघा.