फोरसाइट की नवोन्मेष धोरण: संशोधकाने कुठून सुरुवात करावी?

फोरसाइट म्हणजे तंत्रज्ञानाच्या भविष्याचा पद्धतशीर वेध, आणि नवोन्मेष (इनोव्हेशन) धोरणाचं संशोधन म्हणजे नवं तंत्रज्ञान कसं घडतं आणि सरकारने त्यासाठी काय करावं याचा अभ्यास. बाहेरून पाहिलं तर ही दोन्ही कामं सारखीच वाटतात. तंत्रज्ञान, सरकार, अहवाल, परिषदा. नोकरीच्या जाहिरातींतही दोन्ही शब्द बरेचदा एकाच ओळीत असतात. पण रोजचं काम वेगळं, आणि दहा वर्षांनी पदरात काय पडतं ते तर फारच वेगळं.

फोरसाइटवाल्याचं काम म्हणजे तज्ज्ञांना उद्याबद्दल शिस्तीत बोलतं करणं. त्यातलं जुनं हत्यार म्हणजे डेल्फी ही फेऱ्याफेऱ्यांनी मतं घेण्याची पद्धत. ते १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या रँड कॉर्पोरेशन या संशोधन संस्थेत घडलं, आणि जपान १९७१ पासून साधारण दर पाच वर्षांनी देशपातळीवर ते वापरत आला आहे. तज्ज्ञांना एकेक विधान पाठवायचं आणि हे कधी प्रत्यक्षात येईल ते विचारायचं. दुसऱ्या फेरीत तेच विधान पुन्हा जातं, पण सोबत पहिल्या फेरीतला सगळ्यांचा कौल असतो. मत बदलायचं तर बदला, नसेल बदलायचं तर कारण लिहा. कुणी काय म्हटलं हे गुप्त राहतं, त्यामुळे मोठ्या नावाचं दडपण येत नाही.

ऐकायला सोपं, पण खरी कसोटी विधान लिहिताना लागते. ‘स्वस्त बॅटरी तयार होईल आणि ती सर्रास वापरली जाईल’ असं लिहिलंत की फेरी वाया गेली. निम्मे लोक पहिल्या अर्ध्याला उत्तर देतात, निम्मे दुसऱ्याला, आणि ‘स्वस्त’ म्हणजे किती हे ज्याचं त्याने ठरवलेलं असतं. अशी विधानं घासूनपुसून घेण्यात आठवडे जातात आणि अहवालात त्या मेहनतीचा मागमूसही राहत नाही.

मोबदला असा की निर्णय घेणाऱ्यांशी फार लवकर ऊठबस सुरू होते. धोका असा की तुमची खुर्ची कार्यक्रमाच्या निधीला बांधलेली असते. अमेरिकन काँग्रेसचं तंत्रज्ञान मूल्यमापन कार्यालय (काटेकोर बोलायचं तर हे फोरसाइटचं भावंड) १९७२ मध्ये स्थापन झालं. सुमारे ७५० अहवाल दिल्यावर १९९५ मध्ये निधी काढून घेतला गेला आणि ते बंद पडलं. अहवाल चांगले होते की वाईट, याने फरक पडला नाही.

नवोन्मेष धोरणाचा संशोधक बहुतेक वेळ मागे वळून पाहतो: पेटंट, संशोधनावरचा खर्च, कंपन्यांची सर्वेक्षणं. १९६६ मध्ये अर्थशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर फ्रीमन यांनी इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठात स्प्रू ही विज्ञान धोरणावर संशोधन करणारी संस्था उभी केली, तेव्हापासून या विषयाला विद्यापीठात घर मिळालं. इथली भांडणं व्याख्यांची असतात. नवोन्मेष कसा मोजायचा हे सांगणारी ऑस्लो नियमावली १९९२ ची. तिच्या २००५ च्या आवृत्तीने विपणनातले बदलही धरले आणि वेष्टनाच्या रचनेत मोठा बदल केला तरी कंपनी ‘नवोन्मेषी’ ठरू लागली. २०१८ मध्ये ती वर्गवारी पुन्हा बदलली. म्हणजे दोन काळांची तुलना करणाऱ्याने आधी प्रश्नावली वाचायची, मग आकडे. कंटाळवाणं आहे, पण हे ज्याला जमतं त्याला काम कमी पडत नाही.

इथे शोधनिबंध तुमच्या नावावर लागतो आणि विदा (डेटा) हाताळण्याचं कसब दुसऱ्या देशातही चालतं. दुखणंही आहे. निबंध छापून येईपर्यंत धोरण ठरून गेलेलं असतं. शिवाय अर्थशास्त्र विभागाला तुम्ही पुरेसे अर्थशास्त्रज्ञ वाटत नाही आणि अभियंत्यांना अभियंते वाटत नाही.

दोन्ही एकाच छपराखाली हवं असेल तर जर्मनीत कार्ल्सरूहला १९७२ पासून असलेली फ्राउनहोफर आयएसआय ही संशोधन संस्था आहे. मात्र अशा संस्था प्रकल्पांच्या पैशांवर चालतात. प्रस्ताव लिहिणं हे जोडकाम समजून गेलात तर पस्तावाल.

मला विचाराल तर सुरुवात नवोन्मेष धोरणातून करा. आकड्यांत मुरलेला माणूस पुढे फोरसाइटमध्ये सहज सामावतो. उलटा प्रवास पस्तिशीनंतर फार जड जातो, कारण दाखवायला निबंध नसतात. अपवाद एकच: प्रयोगशाळेत किंवा उद्योगात एखादं तंत्रज्ञान तुम्ही आतून-बाहेरून जाणलं असेल तर खुशाल थेट फोरसाइटमध्ये जा. अशी माणसं तिथे कमीच असतात.

आणि मुलाखतीत पगाराआधी एक विचारा: संस्थेच्या शेवटच्या तीन अहवालांवर लेखक म्हणून कुणाची नावं आहेत?