मनन-चिंतनाची पुस्तिका, वर्षभर वाचल्यावर

आमच्या चर्चमध्ये मिळालेली ही मनन-चिंतनाची पुस्तिका मी वर्षभर वसई-चर्चगेट लोकलमध्ये वाचली. रोज एक पान: त्या दिवसाच्या मिस्सातली (चर्चमधल्या उपासनेतली) बायबलची वाचनं आणि त्यांवर दहा-बारा ओळी. प्रायश्चित्तकाळाच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांच्या, दुसऱ्या आठवड्यातला गुरुवार विसरणार नाही. शुभवर्तमान लूक १६:१९-३१, येशूने सांगितलेली गोष्ट, श्रीमंत माणूस आणि त्याच्या दाराशी पडलेला गरीब लाजरस. चिंतनात एकच प्रश्न होता, तुझ्या दाराशी कोण आहे? स्टेशनच्या जिन्यावर बसणाऱ्या आजींना त्या दिवशी पहिल्यांदा नाव विचारलं. सामान्यकाळातली, म्हणजे नाताळ-ईस्टरसारखे खास काळ सोडून उरलेल्या वर्षातली, चिंतनं मात्र घाईत लिहिल्यासारखी वाटतात, आणि सामान्यकाळ तर ३३-३४ आठवड्यांचा! अक्षरही फार बारीक. आईला दिसत नाही, म्हणून रात्री रोझरीनंतर (माळेवरच्या प्रार्थनेनंतर) तेच पान तिला मोठ्याने वाचून दाखवते.